इतर (नमूद करा)

"लिवलं का वो?" असं आजीनं विचारलं आणि मी "हो आजी, लिहिलं" म्हणाले. लिहिलं नव्हतं. नोव्हेंबरातली गोष्ट. आता पळस फुलून गळून गेला, कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर वाळून काळे पडले, तरी तो "हो" माझी पाठ सोडत नाही.

त्या दिवसांत मी एका अभ्यासाच्या कामासाठी गावोगावच्या निवासी संस्था फिरत होते. वृद्धाश्रम, दिव्यांग मुलांच्या निवासी शाळा, बालगृहं. हातात टॅब, टॅबमध्ये ६२ प्रश्न, आणि बहुतेक प्रश्नांची उत्तरं १ ते ५ यांत बसवायची. १ म्हणजे खूप असमाधानी, ५ म्हणजे खूप समाधानी. अमरावतीहून दर्यापूरची एसटी पकडायची, वलगावला पेढी नदी ओलांडायची, आणि मग दोन्ही बाजूंना तो काळा सपाट मुलूख सुरू व्हायचा. वावरात कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांच्या रंगीत ओट्या तेवढ्या दिसायच्या, बाकी मैलभर झाड नाही. हा खारपाणपट्टा. इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहा प्यायला की जिभेवर खारट तवंग राहतो. ज्या वृद्धाश्रमात मी गेले तिथं पिण्याचं पाणी कोपऱ्यातल्या निळ्या ड्रममध्ये वेगळं ठेवलेलं होतं, त्यावर स्टीलचं झाकण, झाकणावर दगड. दगड कशासाठी ते मी विचारलं नाही.

लांब हॉल. दोन्ही भिंतींना लोखंडी पलंग, पलंगाखाली ट्रंक, ट्रंकेवर कापडी पिशवी, पिशवीत निराधारचं पासबुक आणि औषधाची चिठ्ठी. फिनाइल, खोबरेल तेल, ओल्या गोधड्या आणि दूरवरून येणारी वरणाच्या फोडणीची धग, असा सगळा मिळून वास. आजीच्या पलंगाचा नंबर मला आठवतो, पण तो इथं लिहीत नाही. पलंग उंच होता, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी टॅब उघडायच्या आधीच तिनं माझी मुलाखत घेतली. "तू कोनाची व्हय वो?" मी गाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. ती जरा वेळ विचारात पडली. "त्याहिची धवळी बैलजोडी होती काय?" होती. मी जन्मायच्या आधी विकलेली. त्या बैलजोडीमुळं मी तिच्या लेखी कोणाची तरी झाले आणि मग तिनं मला विचारू दिलं.

आहाराचा प्रश्न आला. "आजी, इथलं जेवण कसं वाटते?"

"बेस हाय. वरन, भात, पोया. पोट भरते."

"भाकर?"

"भेटते ना कवा कवा." थोडं थांबून म्हणाली, "पन थापाले नाई भेटत."

मला समजलं नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं आवाज खाली केला, कारण काळजी घेणाऱ्या ताई दाराशी उभ्या होत्या. "चुलीपाशी जाऊ देत नाईत. मले भाकर थापाची हाय. खायासाठी नाई म्हनत मी." हे बोलताना तिचा उजवा पंजा स्वतःच्या मांडीवर पडत होता, हलका, गोल फिरत, पुन्हा पडत. तिला त्याची जाणीव नसावी. मी मात्र त्या हाताकडं पाहत राहिले. तळहात आरशासारखा गुळगुळीत झालेला. साठ-सत्तर वर्षं रोज दहा-बारा भाकरी थापल्या की हातावरच्या रेषा पिठात जातात, असं माझी आई म्हणते.

टॅबवर पाच पर्याय होते. त्यांच्या खाली सहावा, क्रमांक ९७, "इतर (नमूद करा)". हा पर्याय निवडला की चौकट उघडते, तिच्यात टाइप करावं लागतं. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की ९७ शक्यतो टाळा, पुढं विश्लेषणाला जड जातं. माझ्या सात मुलाखती उरल्या होत्या आणि साडेचारची गाडी चुकली तर पुढची सातला. जेवण बेस आहे, पोट भरते. मी ४ दाबलं. समाधानी. स्क्रीन पुढं सरकली. तेव्हाच तिनं विचारलं, "लिवलं का वो?"

परतीच्या गाडीत माझ्या शेजारी कापसाचं बोचकं घेतलेली बाई बसली होती. बोचक्याला सरकीचा ओलसर, कोंदट वास येत होता. तो वास नाकात घेत मी सगळी उत्तरं पुन्हा उघडून पाहिली. आहार ४. निवास ४. वागणूक ५. सुरक्षितता ५. कोणीही वाचलं तर म्हणेल, बाई सुखात आहे. आणि हे खोटंही नाही. तिथं मारहाण नव्हती, उपाशी कोणी नव्हतं, चादरी धुतलेल्या होत्या. मी पाहिलेल्या काही ठिकाणांपेक्षा ती जागा कितीतरी चांगली होती. म्हणूनच मला हे नीट मांडता येत नव्हतं. तक्रार असती तर तक्रारीचा रकाना होता.

आमच्या घरी मोठी आत्या होती. ऐकू येत नसे, बोलता येत नसे. गाव तिला "मुकी" म्हणे, आणि लाज वाटते लिहायला, आम्ही पोरंही "मुकी आत्या" म्हणत असू. तिचं खरं नाव मी पहिल्यांदा तिच्या मतदान ओळखपत्रावर वाचलं, तेव्हा मी नववीत होते. सपरीत तिची खाट, खाटेखाली तिची पत्र्याची पेटी. ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. नवं लुगडं तिला दिवाळीला मिळायचं, तेही आईनं आठवण केली तर. पाहुणे आले की ती आपण होऊन मागच्या कोठ्यात जायची, तिला कोणी जा म्हणायचं नाही, आणि थांब असंही कोणी म्हणायचं नाही. घरच्या मायेचे गोडवे गाणारे लेख वाचले की मला तो कोठा आठवतो, ढेपेचा आणि शेणाचा वास, आणि त्यात बसून तुरीच्या शेंगा सोलणारी आत्या.

पण चूल तिची होती. याबाबतीत माझी आजीसुद्धा तिच्या मध्ये पडत नसे. पहाटे पऱ्हाटीची काडी मोडल्याचा कडकड आवाज आला की आत्या उठली समजायचं. चुलीचं सारवण ती करायची, दूध ती तापवायची, साय कोणाच्या वाटीत पडणार ते ती ठरवायची. कोणी चुलत भाऊ तिला वेडावून दाखवत असे, त्याच्या वाटीत महिनाभर साय पडली नाही. तिला ऐकू येत नव्हतं, पण तव्यावरची भाकर फुगली की ती न पाहता उलटायची. आम्हाला वाटायचं तिला वासानं कळते. आता वाटते, तिला तळव्याखालच्या जमिनीतून, धगीतून, कशाकशातून कळत असेल.

आजी-आजोबा गेले आणि वाटण्या झाल्या. वावर वाटलं गेलं, बैल विकले गेले, आत्याची पाळी लागली. तीन महिने या भावाकडं, तीन महिने त्या भावाकडं. प्रत्येक घरात स्वयंपाकघर सुनेचं. गॅस आलेला. आत्याला गॅसची भीती होती की गॅसला आत्याची, कोण जाणे, पण तिला हात लावू देत नसत. ती ओट्याजवळ उभी राहायची आणि कोणी ना कोणी तिचा दंड धरून तिला सपरीत बसवून यायचं. प्रेमानंच. "आता आराम कर" असं खुणेनं सांगून. दीड वर्षात ती गेली. त्या काळात तिला एखाद्या संस्थेत ठेवावं असं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण गाव काय म्हणेल. आज मला खरोखर वाटतं की चांगली माणसं असलेल्या संस्थेत ती अधिक सुखी झाली असती. तिथं तिच्यासारख्या चार जणी भेटल्या असत्या, खुणांनी भांडल्या असत्या. आणि हे लिहिताना लगेच त्या आजीचा मांडीवर पडणारा हात समोर येतो, नि माझंच वाक्य मला पटेनासं होतं.

घर आणि संस्था यांची तुलना मी आता करत नाही.

बालगृहात गेले तेव्हा माघातली थंडी होती. मुलं अंगणात उन्हाला बसून अभ्यास करत होती, भिंतीवर गाडगेबाबांची दशसूत्री निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेली. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा. वलगावला, आपल्या या मातीतच, २० डिसेंबर १९५६ ला बाबांनी देह ठेवला, त्यामुळं इकडच्या प्रत्येक संस्थेत ही भिंत असतेच. त्या भिंतीला टेकून बसलेल्या मुलाशी माझं बोलणं झालं. दोन महिन्यांत तो १८ चा होणार होता. मी अजाणता म्हणाले, "अरे वा, वाढदिवस!" त्यानं मान खाली घातली. बालगृहातल्या मुलाला अठरावा वाढदिवस म्हणजे काय ते मला माहीत असायला हवं होतं. कायद्यात पुढची सोय आहे, अनुरक्षणगृह आहे, २१ वर्षांपर्यंत आधार देता येतो. पण ते गृह त्याच्या तालुक्यात नाही, त्याच्या मित्रांत नाही, आणि त्याच्या अंगणात तर नाहीच. त्याच्याजवळ प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपलेलं अनाथ प्रमाणपत्र होतं. २०१८ साली राज्यानं अनाथांना १ टक्का आरक्षण दिलं, ते या कागदावर मिळतं. त्यानं मला तो कागद दोन्ही हातांनी धरून दाखवला, नवरदेव पत्रिका दाखवतो तसा.

मग त्यानं विचारलं, "मॅडम, एका माणसाच्या चहाले दूध किती लागते?"

मला वाटलं खर्चाचा हिशेब करतोय. तसं नव्हतं. त्यानं आयुष्यात कधी चहा केला नव्हता. कांदे विकत आणले नव्हते. मीठ किती घालायचं, पाव किलो म्हणजे ओंजळीत केवढं, गॅस सिलिंडर कसा लावायचा, रेशनकार्ड कुठून काढायचं, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं, कारण सहाव्या वर्षापासून ताट भरून समोर येत होतं. चांगलं भरलेलं ताट, वेळेवर. स्वयंपाकघरात मुलांना मनाई. चटका बसला तर? उत्तर कोण देणार? आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याच मुलाला आपण म्हणणार, जा, आता तुझं तू कर. मी त्याला वहीच्या मागच्या पानावर चहा लिहून दिला. अर्धा कप पाणी, अर्धा कप दूध, दीड चमचा साखर, पाऊण चमचा पत्ती. उकळी किती वेळ येऊ द्यायची ते मला लिहून सांगता येईना. ते पाहूनच कळतं.

दिव्यांग मुलांच्या निवासी शाळेत तर मला उत्तरंसुद्धा मुलांकडून मिळाली नाहीत. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीनं काळजीवाहकानं सांगायचं, असा आमचा नियम. एका मुलीच्या वतीनं ताईंनी सगळ्याला "आवडते" म्हटलं. तेवढ्यात त्या मुलीनं माझी ओढणी धरली आणि मला ओढत व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिथं लोखंडी कपाट, कपाटाला कुलूप. तिनं कुलपावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. आतमध्ये दिवाळीला दात्यांनी दिलेले फ्रॉक होते, कार्यक्रमाला काढायचे, एरवी मळतील म्हणून बंद. ताई मायेनं म्हणाल्या, "तिले काही समजत नाई हो मॅडम." ताईंना दोष देत नाही. पंचवीस मुलींचं नहाणं-धुणं त्या आणि आणखी एक बाई, दोघी मिळून करतात. पण ते बोट मी विसरू शकत नाही. फ्रॉक कोणाचा आहे, हे तिला नक्की समजत होतं.

अशा मुलांचं पुढं काय, हा प्रश्न आपल्याकडं ज्यांनी सगळ्यात आर्ततेनं विचारला ते वझ्झरचे शंकरबाबा पापळकर. परतवाड्याजवळच्या त्या टेकडीवर त्यांनी बेवारस, दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव दिलं, मुलींची लग्नं लावली, आणि वर्षानुवर्षं एकच मागणी केली की १८ नंतर या मुलांना बाहेर काढू नका, त्यांना आयुष्यभर राहू देणारा कायदा करा. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मागणी तिथंच आहे. आपली व्यवस्था माणसाला वयानं आणि व्यंगानं कापते. बालगृह महिला व बालविकासकडं, दिव्यांगांची शाळा दिव्यांग कल्याणकडं, वृद्धाश्रम सामाजिक न्यायाकडं. प्रत्येकाची फाइल वेगळी, तपासणी वेगळी, अनुदानाची वाट पाहणं मात्र सारखं. एखादी बेवारस दिव्यांग मुलगी सुदैवानं म्हातारी झाली तर ती तिन्ही खात्यांतून जाईल, आणि तिन्हीकडं तिच्या नावानं एकही फ्रॉक, एकही तवा असणार नाही.

प्रशिक्षणात आम्हाला एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं होतं. तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतलं आणि विसरले. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धगृहात तो केला, १९७६ साली प्रसिद्ध झाला. दोन मजले घेतले. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं की इथं तुमचं तुम्ही ठरवायचं, खोली कशी लावायची, सिनेमा कोणत्या रात्री पाहायचा. आणि हे रोपटं घ्या, हवं ते निवडा, पाणी तुम्हीच घालायचं. दुसऱ्या मजल्यावर तितक्याच प्रेमानं सांगितलं की तुमची काळजी आम्ही घेऊ. हे रोपटं, पाणी नर्स घालेल. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक हसती-बोलती दिसू लागली. दीड वर्षानं पाहिलं तर पहिल्या गटातली १५ टक्के माणसं दगावली होती, दुसऱ्यातली ३० टक्के. माणसं एकूण शंभराच्या आतच होती, आकडेमोडीवर पुढं आक्षेपही आले, त्यामुळं रोपट्यानं आयुष्य वाढतं असं मी म्हणणार नाही. पण दर्यापूरच्या गाडीत मला ते रोपटं आठवलं. दोन्ही मजल्यांवर रोपटं होतं. दोन्हीकडं त्याला पाणी मिळत होतं. १ ते ५ मध्ये विचारलं असतं तर दोन्ही मजल्यांनी ४ सांगितलं असतं.

आणि मग वाटलं, हे कळायला आपल्याला कनेक्टिकटला कशाला जायला हवं होतं? १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढलं. १९४६ साली शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. १९४९ साली बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती सुरू झाली. १४ रुपये आणि लंगडी गाय यांवर उभ्या राहिलेल्या आनंदवनाची गोष्ट तर आपल्याकडं पोरासोरांना पाठ असते. गोष्ट सांगताना आपण त्यागावर थांबतो. त्या माणसांना तिथं मिळालं काय, इकडं आपलं लक्ष कमी जातं. त्यांना कुदळ मिळाली. माग मिळाला. बोटं झडलेले, चटका लागला तरी कळू नये इतके बधिर झालेले हात, आणि त्या हातांनी विहिरी खणल्या, शेती केली. आमच्या घरी आनंदवनात विणलेली सतरंजी होती, लाल-काळ्या पट्ट्यांची. आजोबा ती पाहुण्यांना अंथरत आणि आवर्जून सांगत की ही कुठली आहे. काही पाहुणे अवघडून जमिनीवर बसत, तेव्हा आजोबा स्वतः सतरंजीवर मधोमध बसत. जो हात आगीचा चटका ओळखू शकत नव्हता त्याच्यावर या मुलखानं ८०-९० वर्षांपूर्वी विश्वास टाकला. वृद्धाश्रमातल्या त्या आजीची तर दहाही बोटं शाबूत आहेत.

संस्थेच्या बाजूनं विचार केला नाही असं नाही. वृद्धाश्रमात दाराशी उभ्या असलेल्या त्या ताईंशी मी नंतर बोलले. बारा तासांची ड्युटी, पगार कधी दोन महिन्यांनी, कधी चार. त्यांची स्वतःची आई गावात एकटी. "चाळीस मायांचं करतो मी इथं, अन् माह्या मायले पाहाले दिवाळीतच जातो," असं म्हणून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. चुलीचा विषय काढल्यावर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एखादीचं लुगडं पेटलं तर? पेपरात फोटो येईन. संस्था बंद होईन. मग ह्या चाळीस जनी कुठं जातीन?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा म्हणतो की राज्यानं जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधार वृद्ध राहू शकतील असा आश्रम उभारावा. त्याच कायद्यानं मुलाकडून महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळवता येते. मी हे त्या हॉलमध्ये सांगितलं तेव्हा पलीकडच्या पलंगावरची म्हातारी एवढंच म्हणाली, "पोरावर केस करू? अन् मेल्यावर पानी कोन पाजन?" कायद्याला पलंगांची संख्या मोजता येते, पोटगीची रक्कम ठरवता येते. चुलीपाशी कोणाला बसू द्यायचं हे त्या ताईंच्या भीतीवर ठरतं, आणि त्या भीतीत त्यांना कोणाचीच सोबत नाही.

दात्यांचंही तसंच. हॉलच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाट्या, वाढदिवसाला अन्नदान करणाऱ्यांची नावं. दाता आला की जिलेबी येते, सगळ्या रांगेत बसतात, फोटो निघतो, टाळ्या वाजतात. जिलेबी सगळ्यांना आवडते, मलाही आवडली. पण आजवर कोणी दाता पाव किलो पीठ आणि परात घेऊन येऊन "आजी, मला दोन भाकरी करून घाला" असं म्हणाला असेल का? आपण द्यायला जातो. आपल्याला तिथं काही मागावंसं वाटत नाही.

होळीच्या आधी मी पुन्हा गेले. अभ्यास संपला होता, टॅब परत केला होता, अहवालात तो तक्ता छापून आला होता, "आहाराबाबत समाधानी" असा. सोबत दोन किलो जवारीचं पीठ नेलं. ताईंशी फोनवर तीनदा बोलले होते. तिसऱ्यांदा त्यांनीच तोड काढली, की चूल अंगणात, तीन विटांची, तव्यापाशी त्या स्वतः बसतील, आजीनं दूर बसून फक्त थापायचं. अधीक्षक त्या दिवशी जिल्ह्याला मीटिंगला जाणार होते. त्यांना सांगायचं की नाही यावर आम्ही दोघी बराच वेळ गप्प राहिलो. मग ताईंनीच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पाण्याची बादली जवळ ठेवा.

आजीनं मला ओळखलं. "धवळ्या बैलाची" म्हणाली. मी तिच्याजवळ बसून सांगितलं की आजी, तेव्हा मी तुमचं भाकरीचं लिहिलं नव्हतं, खोटं बोलले होते. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पिठात पाणी ओतत होती. "माहीत हाय," म्हणाली. "तुह्यं बोट हाललंच नाई."

निळ्या ड्रममधलं गोडं पाणी मागून घेतलं तिनं, खारं नको म्हणाली. पीठ मळताना खांद्यापर्यंत हात कापत होता. उंडा परातीत ठेवला, पहिली थाप पडली, दुसरी पडली, आणि भाकरीच्या कडेला भेग गेली. तिनं ती मोडून पुन्हा मळली. पुन्हा भेग. आजूबाजूला सात-आठ म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या, काही खुर्च्या ओढून, एक तर वॉकर धरून. कोणी म्हणालं पाणी कमी पडलं, कोणी म्हणालं वय झालं आता तिचं. "तू कर मंग!" आजी ओरडली. त्या हॉलमध्ये इतका मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. वॉकरवाल्या आजी खरंच पुढं झाल्या, परातीवरून दोघींची ओढाओढ सुरू झाली. ताई तव्यापाशी पदर खोचून बसल्या होत्या, धुरानं की कशानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पऱ्हाटी कडकड मोडत होती.

तिसऱ्या खेपेला भाकर तव्यावर गेली. जाड, एका बाजूनं वाकडी. फुगली नाही. ताईंनी ती उलटली, निखाऱ्यावर धरली, आणि पोळलेल्या जवारीचा तो वास अंगणभर पसरला तसं सगळ्यांचं बोलणं थांबलं. आजीनं भाकर हातात घेतली, मोडली, नाकाशी नेली. मग अर्धा तुकडा माझ्या हातावर टेकवून तिनं मला चांगलंच झापलं.

"हे पीठ कवा दयलं? विरी गेली याची समदी. असं पीठ आनते काय कोनी? पुढच्या खेपेले नवी जवारी आन, अन् इथं गावातच दयून घे, माह्या डोयासमोर."